घोडा का अडला?

भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, असे तीन प्रश्न आपल्याकडे घरोघर मुलांना घालतात. तिन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. कोडे जुने आहे, पण घोड्यापुरते त्याचे उत्तर आजही खोटे ठरलेले नाही. बाजाराने मात्र अलीकडे दुसरेच उत्तर पुढे केले आहे. घोडा अडतो, बुजतो, उधळतो, चावतो. तर त्याच्या तोबऱ्यात एक पुडी टाका, म्हणजे तो शांत होईल. पुडीवर कधी मॅग्नेशियमचे नाव असते, कधी जीवनसत्त्वाचे, कधी एखाद्या मुळीचे. पाश्चात्य देशांत अशा शामक पुड्यांचा आणि लेपांचा मोठा व्यापार चालतो आणि तो माल आता घरबसल्या आपल्याकडेही मागविता येतो. या पुड्यांत काय असते, त्यांचा गुण किती, अवगुण किती आणि त्यांच्यावाचून काय करता येते, एवढे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

घोडा आता शहरातून गेला, मग ही उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या २०१५ साली उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरविल्या, हे खरे. परंतु माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटार जात नाही आणि तेथे घोड्यावर कित्येक घरांची चूल पेटते. महाबळेश्वर-पाचगणीला आपलीच मुले हौसेने घोड्यावर बसतात. लग्नसराईत नवरदेव घोड्यावर चढतो. महालक्ष्मीला आणि पुण्याला शर्यती होतात. या प्रत्येक घोड्याच्या लगामापाशी एक माणूस असतो. घोडा बिथरला तर लाथ त्याला बसते, आणि स्वार पडला तर बोलही त्यालाच लागतो. मी पशुवैद्य नाही. कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेला माणूस आहे. जनावरांवर पोट असलेल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकता ऐकता जनावराचे गाऱ्हाणेही समजून घेणे भाग पडले, आणि त्यासाठी जे वाचले, विचारले, तेच येथे मांडीत आहे.

घोडा हे कसले जनावर आहे?

पहिली गोष्ट ही की घोडा भित्रा असतो, आणि भित्रा असणे हा त्याचा दोष नव्हे. तो मोकळ्या गवताळ रानात वाढलेला प्राणी आहे. वाघ-लांडग्याने धरण्याआधी पळून जाणे, एवढेच त्याच्या हाती असे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे जवळजवळ सगळा भोवताल त्याला एकाच वेळी दिसतो. वर्तुळाचे ३६० अंश धरले तर सुमारे ३५० अंश. अगदी कपाळापुढचा आणि शेपटीमागचा भाग तेवढा दिसत नाही. म्हणून मागून एकाएकी कोणी आले की तो दचकतो. कशाला भ्यावे याचा विचार तो पळाल्यानंतर करतो. जे आधी विचार करीत बसले, त्यांचा वंश राहिला नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. गायबैल भरभर खाऊन घेतात आणि मग रवंथ करीत बसतात. घोडा रवंथ करीत नाही. पाचशे किलो वजनाच्या घोड्याचे जठर अवघे आठ ते पंधरा लिटरांचे असते. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे चौदा ते अठरा तास थोडे थोडे चरत असतो. आपल्या जठरात अन्न आले की आम्ल वाढते. घोड्याच्या जठरात ते अष्टौप्रहर पाझरत राहते. त्या आम्लाला मारणारी लाळ मात्र चावताना सुटते, एरवी नाही. एक किलो सुके गवत खावयास घोड्याला सुमारे चाळीस मिनिटे लागतात, आणि एक किलो दाणा तो दहा मिनिटांत संपवितो. दाण्यावर ठेवलेला आणि गवतावाचून तासन् तास उभा असलेला घोडा स्वतःच्याच आम्लात जळत असतो. जठराला व्रण पडतात. तयारीत असलेल्या शर्यतीच्या घोड्यांची नळी घालून तपासणी केली तेव्हा निरनिराळ्या देशांत शंभरातल्या ऐंशी-नव्वदांना असे व्रण आढळले. व्रण असलेला घोडा तंग ओढताना चावावयास येतो, दाणा टाकून देतो, पाठीवर बसू देत नाही. मालक म्हणतो, खोडकर आहे.

तिसरी गोष्ट सोबतीची. घोडा कळपात राहणारा आहे. दुसरा घोडा जागा असला म्हणजे हा निर्धास्त आडवा होतो आणि गाढ झोप घेतो. एकट्या, अरुंद कोठडीत ठेवला तर तो डुलू लागतो, लाकूड चावतो, हवा गिळतो. ब्रिटनमधील शर्यतीच्या तबेल्यांची एक मोठी पाहणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. ज्या घोड्यांना दिवसाला ६.८ किलोंपेक्षा कमी चारा मिळत होता, त्यांच्यात या विकृत सवयींचा संभव अधिक दिसला. आणि जेथे घोड्यांना एकमेकांशी संपर्क ठेवता येत होता, तेथे तो कमी दिसला.

इतके ध्यानात घेतले म्हणजे 'अवघड घोडा' हा एकच रोग नाही, हे उघड होईल. एक घोडा पोट दुखते म्हणून अडतो. दुसऱ्याच्या दाढांना टोके आलेली असतात आणि लगाम ओढला की गाल सोलतो. तिसऱ्याचे खोगीर पाठीला लागते. चौथ्याचा नाल सैल असतो. पाचव्याला एका डोळ्याने दिसत नाही, आणि सहावा काम थोडे व दाणा फार, म्हणून उतू जात असतो. या साऱ्यांना एकाच पुडीने शांत करू म्हणणे म्हणजे ज्वर, खरूज आणि मोडलेला हात यांवर एकच काढा देण्यासारखे आहे.

पुडीत काय असते?

तरीही पुडीला न विचारता फाशी देणे न्यायाचे होणार नाही. एकेक घटक घेऊन पाहू.

सर्वांत अधिक खपणारा घटक मॅग्नेशियम. हा धातू शिरा आणि स्नायू यांच्या कामाला लागतोच. तो फार कमी पडला तर जनावर थरथरते, स्नायू फडफडतात, ते उगाच दचकते. पाचशे किलोंच्या घोड्याला, तो कामावर नसेल तेव्हा, दिवसाला सुमारे साडेसात ग्रॅम मॅग्नेशियम पुरते आणि बऱ्यापैकी चारा व कोंडा खाणाऱ्या घोड्याला ते बहुधा अन्नातूनच मिळते. ज्याला कमी पडले आहे त्याला दिले तर गुण येणारच. भुकेल्याला भाकरीचा गुण येतो तसा. ज्याला पुरेसे आहे त्याला वरून दिल्याने काय होते, हा खरा प्रश्न. ऑस्ट्रेलियातील एका प्रयोगाचा वृत्तान्त २०१५ साली आला. त्यात मॅग्नेशियम दिल्यावर घोड्यांची दचकून पळण्याची गती घटली, असे दिसले. परंतु घोडे अवघे सहा होते. सहा घोड्यांवरून आशा बांधता येते, सिद्धान्त बांधता येत नाही. हेच मॅग्नेशियम शिरेतून टोचण्याचा अघोरी प्रकारही काही ठिकाणी झाला आहे. अंदाज चुकला तर त्यात श्वास आणि हृदय दोन्ही थांबू शकतात.

दुसरा घटक ट्रिप्टोफॅन. हे प्रथिनातले एक अम्ल. मेंदू त्यापासून सेरोटोनिन बनवितो आणि सेरोटोनिनाचा मनाच्या स्वस्थतेशी संबंध आहे. म्हणून ट्रिप्टोफॅन चारले की स्वस्थता वाढेल, असा हिशेब. कागदावर हिशेब सुबक दिसतो. २००५ साली दोघा संशोधकांनी तोपर्यंतची सारी माहिती एकत्र करून तपासली. पुड्यांत असते तेवढ्या अल्प मात्रेने घोडा शांत होण्याऐवजी किंचित उत्तेजितच होतो आणि मोठ्या मात्रेने त्याचा दम कमी होतो, असे त्यांना आढळले. शिवाय मोठी मात्रा तोंडावाटे दिली तर आतड्यातले जंतू तिच्यापासून एक विषारी द्रव्य बनवितात आणि त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्या मात्रेत निरुपद्रवी त्या मात्रेत निरुपयोगी, आणि मात्रा वाढविली की घातक, असा हा प्रकार आहे.

तिसरे, ब-१ जीवनसत्त्व. ते नसले तर शिरांचे काम बिघडते, हे खरे. पण निरोगी घोड्याच्या मोठ्या आतड्यातले जंतू ब वर्गातली जीवनसत्त्वे स्वतःच तयार करतात, आणि चाऱ्यातूनही ती मिळतात. ज्याच्या घरी विहीर आहे त्याला पाणी विकावे, तसे हे आहे.

चौथे, दुधातील प्रथिनापासून काढलेला एक अंश. रानातून धरून आणलेल्या तट्टांना माणसाळवताना त्याचा काही उपयोग दिसला, असा प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध झाला. नव्या जागी नेणे, प्रथमच वाहनात चढविणे, अशा थोड्या दिवसांच्या अडचणीत तो वापरून पाहण्याजोगा आहे. त्यापलीकडचे दावे अजून सिद्ध व्हावयाचे आहेत.

पाचव्या वर्गात वनस्पती येतात. कॅमोमाइलची फुले येतात, आणि व्हॅलेरियनची मुळी येते. आपल्या वैद्यकातले औषधी तगर हे याच व्हॅलेरियनचे भावंड; अंगणातली पांढऱ्या फुलांची तगर ती नव्हे. वनस्पती म्हटली की निरुपद्रवी, अशी आपली एक भाबडी समजूत आहे. अफू ही वनस्पतीच आहे आणि धोतराही. मुळीत गुण असेल तर ते औषध झाले, आणि औषधाला मात्रा, पथ्य आणि जबाबदार माणूस लागतो. मुळीत गुण नसेल तर तिचे पैसे कशाला द्यावयाचे? व्हॅलेरियनमधील मुख्य अम्ल आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या निषिद्ध पदार्थांच्या यादीत आहे. शर्यतींच्या नियमांतही मज्जासंस्थेवर परिणाम करणारे पदार्थ वर्ज्य असतात. अमेरिकेत गॅबा नावाच्या मेंदूतील द्रव्याचे इंजेक्शन घोड्यांना शांत करण्यासाठी टोचले जात होते. तेथील अश्वक्रीडा महासंघाने २०१२ साली त्यावर बंदी घातली. पुडी तोबऱ्यात टाकताना हे सहसा कोणी सांगत नाही. नमुन्यात काही सापडले म्हणजे मात्र पहिली चौकशी तोबरा बांधणाऱ्याची होते.

सर्पगंधेचा धडा

आता खऱ्या औषधांकडे वळू, कारण पुडी आणि औषध यांतला भेद समजला पाहिजे. या विषयातला एक मोठा अध्याय आपल्याच देशात सुरू झाला आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे उन्मादावर आणि निद्रानाशावर पूर्वापार देत असत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्याविषयी लिहिले. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिचा पद्धतशीर वापर करून १९४९ साली इंग्लंडच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात निष्कर्ष मांडले आणि साऱ्या जगाचे लक्ष वेधले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले.

हे रेसर्पिन घोड्यांनाही देऊ लागले. त्याने घोडा खरोखरच मंदावतो, आणि एका मात्रेचा अंमल दीर्घकाळ राहतो. पण त्याबरोबर पातळ शेण, घाम, झापड हेही येते. अश्वक्रीडेत ते पूर्ण बंदी असलेल्या द्रव्यांत मोडते. ॲसिप्रोमॅझिन हे दुसरे औषध पशुवैद्य नेहमी वापरतात. त्याने रक्तदाब उतरतो, उन्हात अंग थंड ठेवण्याची शक्ती बिघडते, आणि नर घोड्यांत क्वचित कायमची इजा होते. शिवाय त्याच्या अंमलाखाली पेंगणारा घोडा मोठा आवाज झाला तर तितक्याच जोराने उसळू शकतो. डोळे मिटलेले पाहून बेसावध राहिलेला माणूस मग त्याच्या पायांखाली येतो.

याचा अर्थ ही औषधे वाईट असा नव्हे. जखम शिवावयाची आहे, दाढ घासावयाची आहे, बावरलेल्या घोड्याला नाल मारावयाचा आहे, अशा वेळी पशुवैद्याने योग्य मात्रा टोचली तर ती जनावरावर आणि माणसावर दोघांवर दया आहे. पण ती घेतलेला घोडा त्या दिवशी कामावर जात नाही, ही त्यातली अट. औषध द्यावयाचे आणि त्यानेच पाठीवर पोर बसवून दरीच्या कडेने न्यावयाचे, हे दोन्ही एकत्र बसत नाही. ज्या पुडीचा अंमल खरा आहे तिला हीच अट लागू पडते, आणि ज्या पुडीला ही अट लागू नाही तिचा अंमल कितपत असेल, हे आपणच ठरवावे.

गुण आला असे का वाटते?

कोणी म्हणेल, अनेक लोक शपथेवर सांगतात की पुडीने घोडा सुधारला. ते सारे खोटे बोलतात काय? नाही. ते पाहिलेले सांगतात. मात्र जे पाहिले त्याचे कारण त्यांनी आपल्या मनाने ठरविलेले असते. घोडा फार बिघडला म्हणजे माणूस पुडी आणतो. पुडीबरोबर तो दाणाही कमी करतो, घोड्याकडे अधिक लक्ष देतो, दोन दिवस विश्रांतीही देतो. सुधारणा होते आणि तिचे श्रेय पुडी घेऊन जाते.

यात आणखी एक मौजेची गोष्ट आहे. २००९ साली स्वीडनमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माणसांना घोडे धरून, किंवा घोड्यावर बसून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार वेळा जावयास सांगितले. चौथ्या फेरीआधी सांगितले की आता वाटेत एकाएकी छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या छातीचे ठोके वाढले, आणि ज्याला छत्रीचे कोणी काही सांगितले नव्हते त्या घोड्याचेही वाढले. माणसाची भीती लगामातून घोड्यापर्यंत पोहोचते. तशीच निर्धास्तीही पोहोचत असणार. पुडी घोड्याने खाल्ली, पण धीर मालकाला आला, आणि मालकाचा हात सैल झाल्याने घोडा निवला, असे अनेकदा होत असले पाहिजे. मग तो धीर पुडीवाचून मिळवता येईल काय, हे पाहणे स्वस्तात पडेल.

बाळगोळीची गोष्ट

येथे मला आमच्या चळवळीच्या इतिहासातली एक गोष्ट आठवते, आणि ती या विषयाला फार जवळची आहे. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी बायका मोठ्या संख्येने होत्या. तान्ही मुले खोलीवर ठेवून त्यांना दिवसभर साच्यावर उभे राहावे लागे. मूल रडू नये म्हणून त्याला अफूची गोळी देत. तिला नाव मोठे गोंडस होते, बाळगोळी. व्हिटली आयोगाच्या १९३१ च्या अहवालात या प्रकाराची नोंद आहे. गोळीने मूल खरोखरच शांत होई. भूक लागली तरी रडत नसे, आणि आजारी पडले तरी रडत नसे. रडणे हीच ज्याची भाषा त्याची भाषाच काढून घेतली जाई.

त्या आयांना कोणी निर्दय म्हणू नये. गोळी देणाऱ्या आईला दुसरा मार्गच ठेवलेला नव्हता. म्हणून 'अफू वाईट' असे व्याख्यान देऊन तो प्रश्न सुटला नसता, आणि अधिक चांगली गोळी शोधूनही सुटला नसता. त्यावर उपाय होता पाळणाघर आणि अंगावर पाजावयाला सुटी. १९४८ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. पुढे १९७६ साली ती संख्या तीसवर आणली गेली. गोळीमागचे कारण हटविण्याची ती वाट होती.

तोबऱ्यातली पुडी पाहिली की मला ती गोळी दिसते. घोड्याचे बुजणे, चावणे, अडणे ही त्याची तक्रार आहे. तक्रार बंद पाडणे आणि तक्रारीचे कारण दूर करणे यांत किती अंतर आहे, हे ज्याने एकदा तरी मालकाशी वाटाघाटी केल्या आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

मग करावे काय?

पहिली पायरी पशुवैद्याची. स्वभाव एकाएकी बदललेला घोडा दुखतो आहे, असे धरूनच चालावे. दात, पाठ, खूर, डोळे आणि पोट तपासून घ्यावे. ब्रिटनच्या पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली स्वाराखालच्या घोड्याच्या चोवीस खुणांची एक यादी प्रसिद्ध केली. कान मागे पाडणे, शेपूट वारंवार झाडणे, तोंड उघडे ठेवणे, डोळे ताणणे अशा त्या खुणा आहेत. त्यांतल्या आठ किंवा अधिक दिसल्या तर दुखणे असण्याचा दाट संभव, असे त्यांचे म्हणणे आहे. अशी यादी तबेल्याच्या भिंतीवर लावण्याजोगी आहे.

दुसरी पायरी खाण्याची. घोड्याच्या वजनाच्या शेकडा दीड ते दोन इतका कोरडा चारा रोज पोटात गेला पाहिजे. तीनशे किलोंच्या तट्टाला हा हिशेब साडेचार ते सहा किलोंचा होतो. तो दोन वेळा न टाकता चार-पाच वेळा थोडा थोडा टाकावा. दाणा कामाच्या मानाने द्यावा. सुटीच्या दिवशी कमी करावा. ताकद टिकवावयाची असेल तर दाण्याचा काही भाग कमी करून थोडे तेल घालता येते. अमेरिकेत १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहारात तेल आणि सोयाबीनचे लेसिथिन घातल्यावर घोडे कमी दचकले. मात्र कोणताही बदल हळूहळू, आठ-पंधरा दिवसांत करावा, नाहीतर पोटशूळ उठतो.

तिसरी पायरी फिरविण्याची. कामाला जुंपणे म्हणजे फिरविणे नव्हे. दिवसातून काही वेळ घोडा दोरीवाचून, दुसऱ्या घोड्याच्या सोबतीने मोकळा राहिला पाहिजे. अमेरिकेत तरुण घोड्यांचे दोन गट करून, एक कोठडीत आणि एक कुरणात ठेवून, शिकविण्यास किती वेळ लागतो ते मोजले. २००२ साली ते प्रसिद्ध झाले. कुरणातले घोडे लवकर शिकले. आजीबाईंचे उत्तर प्रयोगशाळेतही उत्तीर्ण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

चौथी पायरी सवयीची. ज्या गोष्टीला घोडा बुजतो, ती दुरून दाखवावी, तो निवला की पुढे सरकावे, घाबरला की थांबावे. बँडचा आवाज सोसणारा घोडा एका रात्रीत तयार होत नाही. त्याला काही आठवडे लागतात. चाबकाने हे काम लवकर होते असे वाटते, पण चाबकाने घोडा एवढेच शिकतो की बँड वाजला की मार बसतो.

हे सारे करूनही पुडी द्यावीशी वाटली, तर पशुवैद्याला विचारून द्यावी, आणि परीक्षा घेऊन द्यावी. एका वेळी एकच बदल करावा. एका वहीत रोज लिहावे : किती वेळा बुजला, किती खाल्ले, किती काम केले. दोन आठवडे पुडी, दोन आठवडे तशीच दिसणारी साध्या कोंड्याची पुडी. आणि वही लिहिणाऱ्याला कोणती चालू आहे ते कळू देऊ नये. वहीत फरक दिसला तर पुडी चालू ठेवावी, दिसला नाही तर ते पैसे गवताकडे वळवावेत.

जमाखर्च कोणाचा?

आता शेवटचा आणि माझ्या मते मुख्य मुद्दा. वर सांगितलेल्या पायऱ्या कोणत्याही मोतद्दाराला ठाऊक असतात. पुस्तकी आकडे नसतील, पण घोड्याला मोकळा सोडावा, गवत भरपूर टाकावे, हे त्याला कोणी शिकवावयाला नको. मग तो करीत का नाही? कारण मोकळा सोडावयाला जागा त्याच्या मालकीची नाही. गवत विकत आणावे लागते, आणि डोंगरावर ते चढवून आणले की महाग पडते. हंगाम थोड्या महिन्यांचा असतो. त्या दिवसांत घोडा उभा ठेवला तर घरात काही येत नाही. पुडीची किंमत एकदा मोजली की संपते, असे त्याला भासविले जाते. पुडी विकणारा हा त्याच्या अडचणीचा गिऱ्हाईक आहे.

कायदा या बाबतीत अगदी मुका नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास बंदी करणारा कायदा १९६० चा. त्याखाली ओढीच्या आणि ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ साली नियम झाले. त्यांप्रमाणे जनावराला दिवसात नऊ तासांहून अधिक आणि विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक राबविता येत नाही. जेथे उष्णता ३७ अंशांच्या वर जाते तेथे दुपारी बारा ते तीन कामाला लावता येत नाही. आणि तट्टावर सत्तर किलोंहून अधिक ओझे लादता येत नाही. नऊ आणि पाच हे आकडे वाचून मी थबकलो. १९४८ च्या कारखाने कायद्यात प्रौढ कामगारासाठी नेमके हेच होते : दिवसाला नऊ तास, आणि सलग पाच तासांनंतर विश्रांती. माणसाला आणि तट्टाला कायद्याने एकाच मापाने मोजले. यात अपमान वाटून घेण्याचे कारण नाही. दोघांच्याही अंगाला थकवा येतो आणि थकलेले अंग चुकते, एवढेच त्यातून निघते.

तेव्हा ज्या गावांची कमाई घोड्यावर चालते, तेथे नगरपरिषदेने घोड्यांसाठी मोकळी जागा राखावी, पाण्याच्या टाक्या आणि सावली करावी, चाऱ्याची एकत्र खरेदी व्हावी, पशुवैद्य ठरल्या दिवशी यावा, आणि रस्ता करताना खूर घसरणार नाही असा करावा. पाय घसरत असलेला घोडा बिथरणारच. या मागण्या घोडेवाल्यांनी संघटितपणे केल्या पाहिजेत, आणि त्या घोड्याच्या नावाने केल्या तर आपलेही त्यांत भले आहे.

तुम्हा-आम्हा गिऱ्हाइकांकडेही थोडे येते. हवेवर गेलात आणि घोडा करावयाचा झाला, तर आधी त्याच्या पाठीकडे आणि तोंडाकडे पाहा. पाठीला जखम असेल तर त्यावर बसू नका आणि का बसत नाही ते सांगा. वजनदार माणसाने चालत जावे. 'जरा पळवा की' असे म्हणू नये. लग्न ठरविताना घोडेवाल्याला आधीच विचारावे की हा घोडा वाजंत्रीला सरावलेला आहे काय, आणि घोड्याच्या कानाशी फटाके व कर्णे लावू नयेत. मिरवणुकीत घोडा फारच गुंगलेला, मान टाकलेला, पापण्या जड झालेला दिसला, तर 'किती शहाणा आहे' असे म्हणून पोराला त्यावर चढवू नये. त्याला काय दिले आहे, हे मोतद्दाराला सौम्यपणे विचारावे, आणि त्याबरोबरच त्या दिवशी तो स्वतः आणि त्याचा घोडा जेवले आहेत की नाहीत, हेही विचारावे.